कालवा

मगदूम सरांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले
आणि म्हणाले, अर्थ एकच, पाठ करा.
गोंगाट, गलका, काय हवं ते.
आठवी ‘ब’चा वर्ग, सांगलीच्या मार्केट यार्डाला भिंत लागून,
फेब्रुवारीतले हळदीचे सौदे,
खिडकीच्या गजांवर पिवळी पूड
आणि सरांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

मी विचारलं, अर्थ एकच तर शब्द पाच कशाला पोसतात?
कोळेकर, शहाणी आहेस, खाली बस.
मग मधल्या सुट्टीत त्यांनीच बोलावलं,
कपाटातून काढला पुठ्ठा निघालेला शब्दकोश,
म्हणाले, बघ, मलाही माहीत नव्हतं.

डिन म्हणजे न थांबणारा.
आमच्या गल्लीतली गिरणी, दळण असो नसो.
हबब म्हणजे पुष्कळ माणसं एकदम बोलतायत
आणि लांबून एकही शब्द हाती लागत नाही.
गणपती पेठ, संध्याकाळी सात.
हल्लाबलू मला आपल्यातलाच वाटला,
कुणीतरी हल्ल्याला बोटीतून नेऊन हॅट घातलेली.
अपरोरला राग असतो पोटात.
पँडेमोनियमपाशी मिरजेचा यासीन शिकलगार अडून बसला,
हे वाद्यच आहे, पेटीच्या भावकीतलं.
त्याचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढतात, त्याला कोण सांगणार.
सर म्हणाले, नाही रे, सगळ्या भुतांची वस्ती.
यासीन म्हणाला, मग वाजतंच की.

मी वहीत पाचांच्याही पुढं लिहिलं, कालवा.
भावंडं भांडली, कुत्री भुंकली, पाहुणे आले, रेडिओ वाढला,
आईचा शब्द एकच, काय कालवा लावलाय रं.
सरांनी लाल शाईनं खोडलं.
कालवा म्हणजे कॅनॉल.
आमच्या जतच्या मामाकडं तर दोन्ही नव्हते,
ना पाण्याचा, ना माणसांचा.

त्याच महिन्यात हमालांनी पोती उतरवली नाहीत.
पोत्यामागं चाळीस पैसे वाढवून मागत होते.
बाबा आकडा कमरेला खोचून गेटवर बसले, तीन दिवस.
यार्ड एवढं गप्प झालं
की वर्गात पहिल्यांदाच पंखा ऐकू आला,
त्याचं एक पातं घासत होतं.

चौथ्या दिवशी सरांनी पुण्याहून येणारा इंग्रजी पेपर आणला.
आतल्या पानावर चार ओळी, आणि त्यात सहावा शब्द,
रकस.
म्हणजे विनाकारण घातलेला धिंगाणा, धक्काबुक्कीसकट.
घरी वाचून दाखवला.
बाबा भाकरी मोडत होते.
म्हणाले, वरडला त्यो अडत्या. आमी बसल्यालो.

दुसऱ्या दिवशी मी न विचारता कपाट उघडलं.
आहे, शब्द आहे.
क्लॅमर.
मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, काहीतरी मागणं.
पेपरवाल्याकडंही असाच शब्दकोश असणार,
‘आर’पासून ‘सी’पर्यंत मागं यायला
त्याला कंटाळा आला असेल,
असं मी तेव्हा समजले.

बाबांना सांगितलं, तुमचा शब्द सापडला.
त्यांना त्याचं काही विशेष नव्हतं.
म्हणाले, मागताना तरी कुठं वरडलो आमी?
वरडायचं काम सौद्याचं.
आणि त्यातसुद्धा पूर्वी भाव ठरायचा तो रुमालाखाली,
दोन माणसांचे दोन हात,
वर सगळं यार्ड बोंबलतंय आणि खाली नुसती बोटं.

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला,
हळदीचा वास, खरखरीत, ओलसर,
आणि आत माझी चार बोटं एकदम दाबली.
वळख, किती?

चार, म्हणाले मी.
चार काय? रुपये, आणे, शेकडा?
मला येईना.

त्यांनी परत दाबली, जरा जोरात.
आई चुलीपुढून म्हणाली,
एवढं गप कशापायी बसलाय दोघं?